धाकटीची डावी सीट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गादीला खोळ घालणं. रविवार होता. सुमननं हाक मारली, "अहो, या जरा, टोकं धरा." मी पेपर ठेवला, कुरकुरलो आणि गेलो. चाळीस वर्षं हे असंच चालू होतं. ती गादीची टोकं खोळीत कोंबून आतून धरून ठेवायची आणि मी बाहेरून खोळ ओढायचो. ओढताना मी म्हणायचो, "एवढी तंग कशाला शिवतेस?" ती म्हणायची, "सैल शिवली की सुरकुत्या टोचतात म्हणून कोण ओरडतं?" त्या रविवारीही एवढंच बोललो. सोमवारी दुपारी ती मेथी निवडता निवडता बसल्या जागी गेली.

तेराव्यानंतर मुलगी सासरी जाताना खोळ धुऊन घडी करून ठेवून गेली. मी उघड्या गादीवर झोपतो. एकट्यानं घालायचं काम नाही ते.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "काका, कोल्हापूरला जाऊन आलात, अंकासाठी लिहा." मी सातवी नापास. शुद्धलेखन बाईंनी बघितलंय, मजकूर माझा आहे. कोल्हापूरला सगळेच जातात. पण जमिनीपासून वीतभर उंचीच्या गाडीत बसून, ताशी पन्नासनं कोणी जात नाही. म्हणून लिहितो.

बिबवेवाडी

मी फायबरचं काम करतो. बिबवेवाडीत आमची एक शेड आहे. तिथं मालक हातानं दोन माणसांच्या पळायच्या गाड्या, म्हणजे स्पोर्ट्स कार, बनवायचे. वर्षाला चार व्हायच्या. त्या घेणाऱ्यांकडे आधीच पाच-सहा गाड्या असायच्या. आमची गाडी ते कापडाखाली झाकून ठेवायचे आणि पाहुणे आले की कापड काढायचे. एक वर्ष असं आलं की एकही मागणी नाही. आम्ही नऊ माणसं दुपारी पत्ते खेळायचो. तेव्हा मालक म्हणाले, स्वस्तातली काढू. काच वर-खाली करायचं हँडल नको, एसी नको, पुढं-मागं सरकणारी सीट नको. इंजिन साध्या गाडीचं, बाजारातलं. त्या गाडीला आम्ही धाकटी म्हणायचो, आधीचीला थोरली. सुमन म्हणायची, "धाकटी आणली की थोरलीचे हाल असतात, मालकांना सांगा." तसं झालं नाही. पाच वर्षं धाकटीनंच थोरलीला पोसलं.

सरकणारी सीट नको म्हटल्यावर सीट एकाच मापाची, फायबरची, गाडीतच बसवलेली. पण माप कुणाचं? उजवीकडे मालक स्वतः बसले. सहा फूट माणूस, पाठ सरळसोट. डावीकडे कोण? त्या दिवशी सुमन माझा डबा घेऊन आली होती. मालक म्हणाले, "वहिनी, वीस मिनिटं बसता का?" खाली ओलं प्लास्टर, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर ही. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे तिला कोण सांगणार? पाच मिनिटांत ओरडायला लागली, "अहो, खालून तापतंय! चूल पेटवलीत का काय?" मी म्हणालो, "हलू नको, साचा बिघडेल." नऊ जण पोट धरून हसत होते. ती पण हसत होती, पण हलली नाही.

उठल्यावर बघतो तर साच्यात डाव्या कमरेपाशी लिंबाएवढा खळगा. तिनं कमरेला चंची खोचलेली होती. पानसुपारी आणि घराच्या किल्ल्या. ती काढायची कुणालाच आठवण झाली नाही. पुन्हा प्लास्टर करायला मालक तयार नव्हते. म्हणाले, राहू दे. पुढं गाडीच्या जाहिरातीच्या कागदावर छापलं, "मोबाईल ठेवण्यासाठी खास जागा." गिऱ्हाईक त्यात मोबाईल ठेवायचे आणि वळणावर तो पडायचा. पण एकानंही तक्रार केली नाही. छापलेलं असलं की पुण्यातल्या माणसाला चूक आपलीच वाटते.

दोन वर्षांपूर्वी मालक वारले. शेड त्यांची मुलगी मृणालताई बघते. शिकलेली आहे, हिशोबी आहे, वाईट नाही. तिनं सांगितलं, "काका, धाकटी बंद. दोन्ही गाड्यांना मेहनत सारखीच लागते, सरकारी तपासण्याही दोघींना तेवढ्याच. मिळतं मात्र थोरलीत. पैसे घालणाऱ्यांनी अट घातलीय." तिच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केलं असतं. पण धाकटी घेणारी माणसं मी बघितली आहेत. लोणी काळभोरचा नर्सरीवाला, तीन वर्षं साठवून आला होता. दर दिवाळीला गाडी धुऊन दाखवायला आणायचा, बरोबर दोन मित्र. त्यातल्या एकानं पुढं धाकटी घेतली. थोरलीवाला कधी कुणाला बरोबर आणत नाही. छोटा कारखाना साठवून घेणाऱ्यावर जगतो, असलेल्यात भर घालणाऱ्यावर नाही. हे मी ताईला बोललो. ती म्हणाली, "काका, हे भावनिक झालं."

नव्या सीटांची खोकी ठेवायला जागा हवी म्हणून तिनं धाकटीचे साचे फोडायला सांगितले. डाव्या सीटचा साचा मीच फोडला. घणाचे तीन घाव बसले. संध्याकाळी सुमनला म्हणालो, "तुझा साचा फोडला आज." ती म्हणाली, "बरं केलंत. कंबर मोकळी झाली."

महिन्यानं ती गेली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शेडमध्ये एकच धाकटी उरली होती, ती कोल्हापूरला विकलेली. मी ताईकडे गेलो. "डावी सीट मला दे."

"काका, गिऱ्हाइकानं सगळे पैसे भरलेत. सीट काढून गाडी कशी देऊ?"

"मग मी पोचवतो. तिथं मागतो."

तिनं किल्ली पुढं केली. म्हणाली, "नवीन इंजिन आहे. पन्नासच्या वर न्यायची नाही."

खंबाटकी

सकाळी कात्रजच्या जुन्या घाटानं निघालो. ज्यांना वाटतं पळायची गाडी चालवण्यात मजा असते, त्यांनी मालकांच्या मापाच्या सीटवर दोन तास बसून बघावं. मी पाच फूट तीन इंच. मालकांच्या खांद्याच्या जागी माझे कान आले. मालक गेलेले, सुमन गेलेली, दोघांच्या सीटा शेजारी शेजारी आणि मी मेलेल्या मालकाच्या मांडीवर बसून बायकोला फिरवतोय. जन्मभर स्कूटरवर नेलं तिला, आणि आता ही तऱ्हा.

दुचाकीवाले वरून खाली बघत जात होते. टोलनाक्यावर खिडकीतला माणूस समोर बघत राहिला, मग उठून वाकला. "काका, बसलाय का झोपलाय?" मी म्हणालो, "पैसे दोन्हीचे सारखेच ना?" गतिरोधक आला की गाडी तिरकी घालावी लागते, नाहीतर पोट घासतं. तिरकी घातली की मागचे शिव्या देतात. खेड शिवापूरपर्यंत माझ्या आईचा उद्धार सात वेळा झाला. माझी आई असती तर तिनं एकेकाला परत दिली असती.

खंबाटकीच्या चढाला इंजिनाचं पाणी तापलं. पंखा लहान बसवलाय, तीही काटकसरच. बाजूला घेतली. एक माणूस कणसं भाजत होता. त्यानं कॅनमधलं पाणी न मागता दिलं, आणि गाडीभोवती फेरी मारली.

"बाकीची मागनं येतीया का?"

"एवढीच आहे."

"कितीला पडती?"

सांगितली. तो हसला. "त्यात घरातली सगळी बसवून न्यायची गाडी आली असती की वो."

"आली असती."

"मग ही कोण घेतंय?"

"ज्याला घरातली सगळी न्यायची नसतात तो."

त्याला हे इतकं पटलं की त्यानं दोन कणसं दिली. एक माझ्यासाठी, दुसरं डाव्या सीटवर ठेवलं. "ह्यास्नी," म्हणाला. तिथं कोणी नव्हतं, त्यानं उगाच मस्करी केली. मी रागानं ते कणीस उचललं आणि तेही खाल्लं. लिंबू-मीठ चांगलं लावलं होतं. पुण्यात इतकं लावत नाहीत.

कऱ्हाड

गाडी गार होईपर्यंत अडीच तास गेले. पुढं साताऱ्याच्या खाली रस्त्याचं काम चाललंय, मुरुमातून नेताना चालण्याच्या वेगानं जावं लागलं. संध्याकाळी कऱ्हाडला मुक्काम केला. लॉजवाला म्हणाला, "गाडी आत घ्या, पोरं चढतील." आत घेतली तर लॉजवालाच चढला. मोबाईलनं फोटो काढले, मग मला म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हाल का?"

कृष्णा आणि कोयना जिथं समोरासमोर येऊन भेटतात तिथं गेलो. लोक नद्या लांबून वळून भेटतात म्हणतात, या दोघी सरळ एकमेकींच्या अंगावर येतात आणि मग मुकाट एका बाजूला निघून जातात. सुमनला दाखवीन म्हणालो होतो. कधी म्हणालो होतो तेही आठवत नाही. भेळवाल्यानं विचारलं, "किती?" मी सवयीनं दोन म्हणालो आणि दोन्हीचे पैसे दिले. एक खाल्ली. दुसरी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला दिली. तो म्हणाला, "तिखट हाय का? मला चालत न्हाई." फुकटची भेळ, तिलाही नखरे! पण खाल्ली त्यानं.

कोल्हापूर

गिऱ्हाइकाचं नाव अमर. आयटीआयमध्ये मुलांना लेथ शिकवतो. घर लहान, पुढं अंगण, अंगणात तुळस आणि एक म्हैस. म्हशीनं गाडीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला ती म्हैस आवडली.

अमरनं मला गाडीतून जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. माझी कंबर धरली होती. "काका, आधी जेवण. मग बाकीचं." पुण्यात कुणाकडे दुपारी दीडला गेलं तर 'जेवून आला असाल' म्हणतात, आणि त्यात प्रश्न नसतो. इथं मी हात धुवायच्या आत ताट वाढलेलं. पांढरा रस्सा आधी वाटीनं, मग तांबडा. अमरची आई, तिला सगळे आक्का म्हणतात, वाढत होती. सत्तरीच्या पुढची, बुटकी, रुंद. मी पुरे म्हणालो की तिला ऐकू यायचं नाही, वाढ म्हणालो की लगेच ऐकू यायचं.

जेवण झाल्यावर मी अमरला अंगणात नेलं आणि सरळ सांगितलं. आडवळणं मला येत नाहीत.

"डावी सीट मला द्या. कारखाना तुम्हाला नवी पाठवेल, मागं-पुढं होणारी. हिच्यापेक्षा चांगली."

"का ओ?"

"माझ्या बायकोच्या मापाची आहे. ती गेली. साचा मी फोडला."

त्यानं एकदा सीटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "न्या की," म्हणाला. "त्यात विचारायचं काय?" आणि आत जाऊन पाना घेऊन आला. हाही तीन वर्षं पैसे साठवलेला माणूस. घरात आलेल्या गाडीला अजून हळदकुंकू लागलेलं नव्हतं. मी वाद घालायची तयारी करून आलो होतो, दोनशे किलोमीटर मनात बोलत आलो होतो. सगळं वाया गेलं.

चार बोल्ट. दोन काढले तोवर आक्का आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. "हे काय चाललंय? पूजा झाल्याबगर गाडीला पाना लावायलायसा?" चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, ताट पोराच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मला बसवा आधी. पयला मान माझा."

"आक्का, सीट हलती हाय," अमर म्हणाला.

"मी काय हवंत उडतीया व्हय?"

बसली.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. कारण तिला ती बरोब्बर बसली. पाठ टेकली, मांड्या टेकल्या, सुई जाईल एवढी फट राहिली नाही. पाच वर्षांत या मापाच्या सीटवर किती जण बसताना बघितले. कुणाची पाठ टोचायची, कुणाचे गुडघे वर यायचे. ही बसली आणि तिनं डोळे मिटले. मग तिचा हात आपोआप डाव्या कमरेला गेला. चंची काढली आणि खळग्यात ठेवली. ठेवून वर थापटली.

"ही कुणा बाईमाणसावरनं केलीया," ती म्हणाली. "चंचीला जागा ठेवलीया. बाप्याला सुचतंय व्हय हे?"

इतक्या शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकांत मोबाईल न म्हणणारी ही पहिली.

अमरनं तिला सांगितलं. तिनं चंची उचलून परत कमरेला खोचली. मग म्हणाली, "मग न्या भाऊ तुम्ही. हात द्या, मला उठवंना." मी हात दिला. खालच्या गाडीतून जड बाई वर ओढायची म्हणजे पाय रोवावे लागतात. मला ते येतं.

"दमलायसा. जरा पडा, मग न्या," आक्का म्हणाली आणि सोप्यात माझ्यासाठी गादी टाकायला लागली. मी खांबाला टेकून बसलो होतो. तिनं धुतलेली खोळ काढली, भराभर उलटी केली. दोन्ही हात उलट्या खोळीत कोपऱ्यापर्यंत घातले, खोळीतूनच गादीची दोन टोकं पकडली आणि झटका दिला. खोळ सरळ होत गादीवर उतरली. शर्ट उतरवताना उलटा होतो, त्याच्या उलट. पाण्याचा घोट गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं.

मी म्हणालो, "एकटीनं?"

"ह्यात काय? सगळ्या बायकास्नी येतंय."

"शिवणकाम करणाऱ्या बाईला येत असेल?"

"तिला तर पयलं यील. खोळ शिवली की उलटीच असती, भाऊ. सरळ करता करता घालायची."

सुमन चाळीस वर्षं शिवत होती. गल्लीतल्या निम्म्या खोळी तिनं शिवल्या.

मी त्या गादीवर पडलो. झोप आली नाही. छताच्या वाशांकडे बघत होतो. दर पंधरा दिवसांनी मी पेपर बाजूला ठेवून कुरकुरत उठायचो, कधी "तुला एक काम धड एकटीनं येत नाही" असंही म्हणायचो. ती म्हणायची, "नाही येत. धरा टोक." तीस-पस्तीस वेळा तरी मी असं म्हणालो असेन. येतं म्हणून ती एकदाही बोलली नाही.

चार वाजता उठलो. अमरकडून पाना घेतला आणि काढलेले दोन बोल्ट परत घट्ट बसवले. अमर म्हणाला, "काका, हे काय?" मी म्हणालो, "माझी खोली दहा बाय दहा. ठेवू कुठं?" हे खरं होतं. आणखीही होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. त्या गाडीत तिच्या शेजारी माझं माप कधी नव्हतंच.

आक्का डाव्या सीटवर आणि अमर उजवीकडे असे रंकाळ्यापर्यंत गेले. अमर पण माझ्यासारखाच, मालकांच्या सीटला पुरत नव्हता, पाठीशी उशी घेतली होती. आक्का गल्लीतल्या प्रत्येक बाईला हात करत होती.

परत

दुसऱ्या दिवशी एसटीनं परत निघालो. खिडकीत बसलो, उंच, सगळं वरून दिसत होतं. खालून जाताना जे डोंगर एवढे मोठे वाटले होते, ते वरून साधेच होते. साताऱ्याला पेढे घेतले, कुणासाठी ते घेतल्यावर लक्षात आलं. कंडक्टरला दिले.

मृणालताईचा फोन आला. "काका, गाडी पोचली ना? सही घेतलीत?"

"घेतली."

"आणि सीट?"

"गाडीत आहे. गाडी त्यांची आहे."

ती म्हणाली, "तुम्ही बरोबर केलंत."

मी म्हणालो, "तुझ्यासाठी नाही केलं. आणि एक ऐक. तो अमर पुढच्या वर्षी त्याच्या आयटीआयची पोरं घेऊन शेड दाखवायला येणार आहे. म्हणतो, कारखाना बघायचाय. तेव्हा त्यांना दाखवायला काय ठेवणार आहेस? खोकी?"

तेवढ्यात खंबाटकीच्या बोगद्यात फोन आपोआप बंद झाला.

कारखाना टिकेल का, मला विचारू नका. मला वाटतं टिकणार नाही. झाकून ठेवणाऱ्यांच्या जिवावर किती दिवस?

संध्याकाळी घरी पोचलो. उघड्या गादीवर झोपलो.

सकाळी उठून चहा केला आणि कपाटातून खोळ काढली. मुलीनं घडी करताना उलटीच ठेवली होती. हात घालून टोकं पकडली असती, झटका दिला असता, दोन मिनिटांचं काम. मी खोळ सरळ करून घेतली. गादीची टोकं कोंबली, एक गुडघ्यानं दाबून धरलं, दुसरं दातात. ओढलं की पहिलं सुटायचं. तिनं तंग शिवलेली. अर्धा तास लागला, चहा गार झाला. एक कोपरा शेवटपर्यंत बसला नाही.